खुर्च्या किती ते नंतर बघू, आधी माप कोणाचं ते सांगा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर सांगा. कोथरूडच्या तुमच्या आणि शेजारच्या तीन सोसायट्यांत मिळून ४० व्हीलचेअर जमल्यात, त्याशिवाय वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, अमेरिकेहून कोणाच्या तरी मुलाने आणलेल्या दोन बॅटरीवाल्या खुर्च्या, डबाभर कानाची मशीनं आणि एका काकूंच्या नवऱ्याचा कृत्रिम पाय. तुमचा मावसभाऊ दार-ए-सलामला नोकरीला आहे, तो म्हणतो इकडे फार गरज आहे, तुम्ही फक्त पाठवा, पुढचं मी बघतो. तर हे सगळं टांझानियाला कसं पाठवायचं, खर्च किती येईल आणि कस्टममध्ये अडकेल का.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, २३ वर्षं झाली, त्यातली बहुतेक वर्षं माणसाच्या मापाने व्हीलचेअर बसवून देण्यात गेली. पुण्यात, भोर-वेल्हे-मुळशीकडे, २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये, आणि दोनदा टांझानियात ट्रेनिंगला. त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

गरज आहे का? तर आहेच, त्यात वादच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा २०२२ चा रिपोर्ट आहे, त्यात जगात २५० कोटींहून जास्त लोकांना चष्म्यापासून व्हीलचेअरपर्यंत काही ना काही साधन लागतं असं दिलंय, आणि श्रीमंत देशांत ते ९० टक्क्यांपर्यंत लोकांना मिळतं तर काही गरीब देशांत जेमतेम ३ टक्क्यांना. नुसत्या व्हीलचेअरचा अंदाज ८ कोटी लोकांचा आहे. म्हणजे तुमचा मावसभाऊ खोटं काही बोलत नाहीये.

माझा प्रश्न त्याच्या दुसऱ्या वाक्यावर आहे, 'पुढचं मी बघतो'. काय बघणार? तो अकाउंट्समध्ये आहे म्हणालात. खुर्ची उतरवून घेईल, फोटो काढेल, एखाद्या चर्चला नाहीतर हॉस्पिटलला देईल, आणि मनापासून देईल. पण त्या खुर्चीत कोण बसणार, त्याची कंबर केवढी, त्याला मागे टेकून बसता येतं का, पाठीला बाक आहे का, बसल्यावर खाली जखम होईल का, आणि सहा महिन्यांनी टायर फाटला तर काय, हे कोण बघणार? गंमत बघा, स्वाहिलीत खुर्चीला 'किती' म्हणतात. व्हीलचेअर म्हणजे 'किती चा मागुरुदुमु', चाकांची खुर्ची. टांझानियातल्या मोशीत (आपल्या पिंपरीजवळच्या नाही) पहिल्या दिवशी मी सारखी दचकायचे, मला वाटायचं मराठीत कोणीतरी किती किती विचारतंय. नंतर लक्षात आलं की देणगी देणारे पण तेच विचारत असतात, किती पाठवू. कोणासाठी पाठवू असं विचारणारे फार थोडे भेटतात.

आता एक जुनी गोष्ट सांगते, कारण आपण पुणेकर या व्यवहारात आज देणाऱ्याच्या बाजूला उभे असलो तरी काल-परवापर्यंत घेणाऱ्याच्या बाजूला होतो. मी नवीन नवीन काम करत होते तेव्हा इथल्याच एका ट्रस्टला, नाव सांगत नाही, परदेशातून व्हीलचेअरचा अख्खा कंटेनर आला होता. फुलं, हार, स्टेज, सगळं झालं. मला माप घ्यायला बोलावलं ते कार्यक्रमानंतर आठ दिवसांनी, म्हणजे वाटप झाल्यावर! खुर्च्या बहुतेक १८ आणि २० इंची सीटच्या, तिकडच्या मोठ्या अंगाच्या म्हाताऱ्या लोकांनी वापरलेल्या. आपल्याकडच्या बायकांना १४ नाहीतर १६ इंच लागतात, पुरुषांना १६ ते १८. फूटरेस्ट सगळे काढून वेगळ्या खोक्यांत भरलेले, जागा वाचावी म्हणून, आणि कोणता फूटरेस्ट कोणत्या खुर्चीचा याची काही खूण नाही. आम्ही तिघंजण दोन दिवस गोडाऊनमध्ये बसून जोड्या लावत होतो, लग्नानंतर चपला शोधतात तशा. शेवटी साधारण तिसरा हिस्सा खुर्च्या फूटरेस्टशिवायच राहिल्या, आणि फूटरेस्टशिवाय खुर्ची म्हणजे पाय लोंबकळत, किंवा चाकात अडकत, किंवा जमिनीवर घासत. पायात संवेदना नसेल तर माणसाला घासलेलं कळतसुद्धा नाही, संध्याकाळी घरच्यांना रक्त दिसतं.

त्याच वाटपात सात वर्षांचा एक मुलगा होता, सेरेब्रल पाल्सी, वेल्ह्याकडचा. त्याला १८ इंची खुर्ची दिली. पोर त्यात हरवून जायचं. आई हुशार, तिने दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि छातीवरून ओढणी बांधली, पडू नये म्हणून. आठ-नऊ महिन्यांनी ती त्याला माझ्याकडे घेऊन आली तेव्हा तो एका बाजूला असा कलला होता की सरळ करायला गेलं तर रडायचा, आणि बसायच्या हाडावर रुपयाएवढी जखम. आई मलाच म्हणाली, ताई, चांगली खुर्ची होती हो, आम्हीच नीट बसवलं नसेल. ते वाक्य मी विसरलेली नाही. देणारा निघून जातो आणि दोष घेणाऱ्याच्या डोक्यावर राहतो.

आपल्याकडे म्हण आहे ना, धर्माची गाय आणि दात का गं नाय. फुकटात मिळालंय, खोडी काढू नका. व्हीलचेअरच्या बाबतीत ही म्हण बाजूला ठेवा, इथे दात मोजायलाच लागतात. खुर्ची म्हणजे फर्निचर नाही, दिवसाचे दहा-बारा तास ती त्या माणसाचे पाय आणि पाठ असते. दुसऱ्याच्या मापाची खुर्ची म्हणजे देवळाबाहेरून दुसऱ्याची चप्पल घालून आल्यासारखं, फरक इतकाच की चप्पल घरी येऊन काढता येते.

माप म्हणजे काय फार मोठं शास्त्र नाही. बसलेल्या माणसाचे कुल्ले जिथे सगळ्यात रुंद तेवढी सीट, ढगळ नको. कुल्ल्याच्या मागच्या बाजूपासून गुडघ्याच्या मागपर्यंत अंतर घ्यायचं आणि त्यातून दोनेक बोटं कमी करायची, ती सीटची खोली. गुडघ्याच्या मागपासून टाचेपर्यंत मोजायचं, ती कुशनच्या वरच्या बाजूपासून फूटरेस्टपर्यंतची उंची. पाठ किती उंच हवी ते माणसाच्या तोलावर. मोजायला पाच मिनिटं लागतात. खरा वेळ जातो प्रश्न विचारण्यात, की घरात उंबरा आहे का, संडास कुठे आहे, रस्ता मातीचा का, उठून पलंगावर जाता येतं का, कोण ढकलणार. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली कमी साधनं असलेल्या भागांसाठी हाताने चालवायच्या व्हीलचेअरच्या गाइडलाइन काढल्या, त्यात आठ पायऱ्या दिल्यात, आणि खुर्ची हातात देणं ही त्या आठांतली कुठलीच एक पायरी नाही! नोंद, तपासणी, कोणती खुर्ची ते ठरवणं, पैसे आणि ऑर्डर, खुर्ची तयार करणं, बसवून बघणं, वापरायला शिकवणं आणि नंतरची दुरुस्ती-देखभाल. तुमच्या मावसभावाकडे यातली एकही पायरी धड नाही.

आणि कुशन. हे वेगळं लिहिते कारण देणगीच्या खुर्च्यांबरोबर कुशन जवळजवळ कधीच येत नाही. मणक्याला मार लागून कमरेखाली संवेदना गेलेल्या माणसाला रेक्झिनच्या झोळीवर नुसतं बसवलं तर बेडसोर ठरलेला. आणि गरीब देशात बेडसोर म्हणजे महिनोन्महिने पालथं झोपणं, इन्फेक्शन, कधीकधी जीव जाणं. नेपाळमध्ये सांग्याच्या स्पायनल सेंटरला, म्हणजे मणक्याला मार लागलेल्यांच्या केंद्राला, भूकंपानंतर पेशंटची रांग लागली होती, तिथे बाहेरून मदत खूप येत होती, खुर्च्या येत होत्या, पण तिथली नर्स मला हळूच म्हणाली, दीदी, खुर्ची कमी पाठवा पण फोम पाठवा. डोंगरातलं गाव, बसस्टॉपपासून घर दीड तास चढाचं, तिथे हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीसाठी बनवलेली खुर्ची घेऊन माणूस करणार काय. अर्ध्या खुर्च्या घरात कोपऱ्यात, वर कपडे वाळत.

आता टायरचं. तुम्ही म्हणालात खुर्च्या 'चांगल्या कंडिशनमध्ये' आहेत. असतील. पण मला सांगा, मागची चाकं हवेची का भरीव? हवेची असतील तर टायरवर बाजूला बारीक आकडा कोरलेला असतो तो वाचा. व्हीलचेअरच्या २४ इंची टायरवर बऱ्याचदा ३७-५४० असं असतं. सायकलच्या दुकानात मुलांच्या सायकलचा २४ इंची टायर मिळतो त्यावर बऱ्याचदा शेवटी ५०७ असतं. दोन्हीला २४ इंचीच म्हणतात, पण रिमवर बसायचा व्यास ५४० मिलिमीटर आणि ५०७ मिलिमीटर, म्हणजे ३३ मिलिमीटरचा फरक, बापजन्मात बसणार नाही. मी नाना पेठेत टायरवाल्यांकडे दोन तास फिरले होते एकदा एका पेशंटसाठी, एकजण म्हणाला मॅडम ओढूनताणून बसवतो, म्हटलं नको रे बाबा. हे पुण्यात, जे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवायचं. मग मोशीच्या पुढच्या एखाद्या खेड्यात काय होत असेल विचार करा. तीच गत बेअरिंगची. अमेरिकन खुर्च्यांना मागच्या चाकात अर्ध्या इंची एक्सलचं इंची मापाचं बेअरिंग असतं, आणि आपल्याकडे काय, तिकडे काय, बाजारात सगळं मिलिमीटरचं. पुढच्या छोट्या चाकात ६०८ नंबर असेल तर नशीब, ते स्केटिंगच्या चाकात असतं, कुठेही मिळतं.

म्हणूनच ज्यांनी हा विषय मुळातून विचार करून केला त्यांनी खुर्ची पाठवायच्या ऐवजी खुर्ची तिथे बनवायचं बघितलं. राल्फ हॉचकिस नावाचे अमेरिकन इंजिनिअर, स्वतः व्हीलचेअरवर, १९८० च्या सुमाराला निकाराग्वात गेले आणि तिथल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या पोरांबरोबर बसून डिझाइन करायला लागले, तिथल्या बाजारात मिळणारी नळी, तिथलीच बेअरिंग, पुढची चाकं रुंद आणि पुढे नेलेली, म्हणजे खड्ड्यात गेलं तरी माणूस तोंडावर पडत नाही. ब्रिटनमध्ये मोटिव्हेशन नावाची संस्था १९९१ ला सुरू झाली, ती पण बांगलादेशात ढाक्याजवळच्या सीआरपी या पुनर्वसन केंद्रात वर्कशॉप टाकण्यापासून. आणि आपल्या डोळ्यासमोरचं उदाहरण म्हणजे जयपूर फूट! १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो केला कारण परदेशी पद्धतीचा पाय आपल्या लोकांच्या उपयोगाचा नव्हता, त्याला बूट लागायचा, उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, चिखलात चालत नव्हता. पाय चांगलाच होता हो, पण ज्याच्यासाठी बनवला तो माणूस वेगळा. आज जयपूर फूट बसवून देणारी तिथली संस्था परदेशात कॅम्प घेते तेव्हा तयार पायांची खोकी पाठवून देत नाही, माणसं आणि सामान घेऊन जाते, तिथे माप घेते, तिथे बनवते. आपणच जगाला शिकवलेली गोष्ट आपण सोसायटीच्या पार्किंगमध्ये विसरतो.

बरं, आता तुमच्या ढिगाकडे येऊ, कारण सगळंच नको म्हणून मला हात झटकायचे नाहीयेत.

कमोडच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, वॉटरबेड वगैरे असलं काही आलं असेल तर ते दार-ए-सलामला पाठवायचा विचार सोडा. यातलं बरंचसं तिकडेही मिळतं, आणि पाठवायचं भाडं वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पुण्यात पेठांपासून उपनगरांपर्यंत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत, डिपॉझिट घेऊन महिन्याच्या नाममात्र भाड्याने देतात, त्यांना कायम तुटवडा असतो. उद्याच देऊन टाका. कुबड्यांचे खालचे रबरी बूच तेवढे बदलून द्या, झिजलेलं बूच ओल्या फरशीवर सटकतं आणि मग मांडीचं हाड.

बॅटरीवाल्या दोन खुर्च्या, तर त्या नाहीच. अमेरिकेहून आल्यात म्हणजे चार्जर ११० व्होल्टचा असण्याची दाट शक्यता आहे, आधी त्याच्यावरचं लेबल वाचा, कोणी उत्साहाने आपल्या २३० च्या प्लगला लावला तर धूर निघेल. लिथियम बॅटरी असेल तर ती विमानात आणि जहाजात दोन्हीकडे धोकादायक मालात मोडते, वेगळे कागद, वेगळं पॅकिंग. आणि सगळं करून पोचली तरी जॉयस्टिकचा कंट्रोलर बिघडला की त्या कंपनीचाच माणूस लागतो. वजन जबरदस्त, खेड्यात वीज येते-जाते, आणि बंद पडलेली बॅटरीची खुर्ची ढकलणं म्हणजे फ्रीज ढकलणं. यांच्यासाठी पुण्यातच माणूस शोधा, सपाट रस्ता, लिफ्ट आणि घरी थोडेफार पैसे असलेला, कारण बॅटऱ्या दोन-तीन वर्षांनी बदलायच्याच आहेत.

कानाची मशीनं. डिजिटल असतील तर ऐकण्याच्या तपासणीप्रमाणे कॉम्प्युटरला जोडून पुन्हा सेट करावी लागतात, कानात बसणारा साचा प्रत्येकाचा वेगळा, आणि ती छोटी बटणासारखी झिंक-एअर बॅटरी एकदा स्टिकर काढलं की आठ-पंधरा दिवसच चालते, मशीन बंद ठेवलं तरी उतरत जाते. ज्या गावात ती बॅटरी मिळत नाही तिथे मशीन म्हणजे खेळणं. इथल्या एखाद्या ऑडिओलॉजिस्टला विचारून द्या, ते चालणारी वेगळी काढतील.

कृत्रिम पाय. वरची वाटी म्हणजे सॉकेट ही त्याच माणसाच्या मापाची, ती दुसऱ्याला होत नाही, कितीही नवी दिसली तरी. पण आतली नळी, गुडघ्याचा सांधा, पाऊल, हे सुट्टं होणाऱ्या प्रकारचं असेल तर प्रोस्थेटिक वर्कशॉपला उपयोगी पडू शकतं. पुण्यात या कामाची परंपरा जुनी आहे, वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे, त्यामुळे जाणकार माणूस शोधायला लांब जायला नको. त्या काकूंना मात्र आधी नीट सांगा की पाय उघडून भाग वेगळे होणार आहेत, नवऱ्याच्या पायाबद्दल माणसाच्या भावना असतात, परस्पर करू नका.

उरल्या ४० व्हीलचेअर. यातल्या किती पाठवण्यालायक हे आत्ता कोणीच सांगू शकत नाही, मी पण नाही. माझा अनुभव विचाराल तर अशा ढिगातून निम्म्या निघाल्या तरी खूप. हॉस्पिटलमधली क्रोमची घडीची खुर्ची, फिक्स हात, फिक्स पाय, ती पेशंटला एक्स-रेला न्यायला ठीक आहे, आयुष्य काढायला नाही. तसल्या सगळ्या इथे साहित्य केंद्राला. ज्यांचे हात आणि फूटरेस्ट निघतात, उंची बदलता येते, मागची चाकं काढता येतात, त्या बाजूला काढा.

आणि मग दार-ए-सलामच्या मावसभावाला एक काम द्या, त्याला जे खरंच जमेल असं. त्याला म्हणावं, तिथे व्हीलचेअर बसवून देणारी सेवा कुठे आहे तिथे जा आणि विचारा की तुम्हाला काय हवंय. दार-ए-सलाममध्येच सीसीबीआरटी म्हणून अपंगत्वाचं मोठं हॉस्पिटल आहे. मोशीला, किलिमांजारोच्या पायथ्याशी, टॅटकॉट नावाची ट्रेनिंगची संस्था १९८१ पासून आहे, कृत्रिम अवयव, कॅलिपर (पायाला आधार देणारं साधन) आणि व्हीलचेअरचे टेक्निशियन तिथे तयार होतात, आफ्रिकेतल्या इतर देशांतून मुलं शिकायला येतात. या लोकांना तुमच्या-माझ्यापेक्षा दहापट जास्त कळतं. ते 'सेकंडहँड नको' म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांच्याकडे मागच्या खोलीत फूटरेस्ट नसलेल्या, टायर नसलेल्या खुर्च्यांचा ढीग आधीच असतो, मी अशीच एक खोली बघितली आहे, तिथला टेक्निशियन हसत हसत म्हणाला होता की हे आमचं म्युझियम.

ते हो म्हणाले तर काम उलट्या दिशेने करायचं. खुर्च्यांची यादी आपण द्यायची, सीटची रुंदी, खोली, टायरवरचा आकडा, काय निघतं काय नाही, समोरून आणि बाजूने फोटो, फोटोत सीटवर टेप ताणून धरलेली. त्यातून ते निवडतील, कोणासाठी ते त्यांना माहीत असेल. आम्ही एकदा असंच केलं होतं, ३१ खुर्च्यांच्या यादीतून त्यांनी १२ निवडल्या, मला तेव्हा रागच आला होता खरं सांगते, एवढी मेहनत केली आणि १२? पण त्या बाराच्या बारा एक वर्षानंतर वापरात होत्या, आणि माझ्या बाकीच्या कामाबद्दल मी असं छातीठोक सांगू शकत नाही.

पाठवायचा हिशोब आता. विमानाने पाठवायचा विचार असेल तर हे गणित करा: घडी केलेली खुर्ची साधारण ८० बाय ३० बाय ९० सेंटिमीटर, गुणाकार २,१६,०००, एअर कार्गोत याला ६,००० ने भागतात म्हणजे ३६ किलो. खुर्चीचं खरं वजन १८ किलो असलं तरी भाडं ३६ चं लागणार. समुद्राने गेलं तर घनमीटरवर, एका खुर्चीला ०.२१६, चाळीसच्या चाळीस पाठवल्या तरी ८.६४ घनमीटर, २० फुटी कंटेनर आतून सुमारे ३३ घनमीटरचा. म्हणजे अख्खा कंटेनर तुम्हाला लागतच नाही, इतरांच्या मालाबरोबर एलसीएल पाठवा, न्हावा शेवाहून. दर रोज बदलतात, दोन-तीन फॉरवर्डरकडून, म्हणजे माल पाठवणाऱ्या एजंटांकडून, कोटेशन घ्या, आणि त्यांना स्पष्ट विचारा की हे भाडं फक्त बंदरापर्यंतचं का पलीकडचे चार्जेस धरून. खरी मेख तिथेच असते, इकडचा आकडा कमी दिसतो आणि तिकडे हँडलिंगच्या नावाखाली दुप्पट होतो.

कस्टमबद्दल. अपंगांच्या साधनांवर ड्युटी माफ करायची तरतूद बऱ्याच देशांत आहे, १९५० च्या फ्लॉरेन्स करारात १९७६ च्या नैरोबी प्रोटोकॉलने असं साहित्य घातलं. पण माफी आपोआप होत नाही, माल ज्याच्या नावावर येतो त्याने आधी अर्ज करून पत्र मिळवावं लागतं. माल मावसभावाच्या नावावर पाठवला तर तो एक खासगी माणूस, त्याला ४० खुर्च्या कशाला लागतात असंच ऑफिसर विचारणार. माल नेहमी तिथल्या नोंदणीकृत संस्थेच्या नावावर, आणि माफीचं पत्र हातात आल्याशिवाय इकडून माल हलवायचा नाही. बंदरात फुकटचे काही दिवस संपले की डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, सुरू होतं. एका ओळखीच्या संस्थेचा माल एका बंदरात, देश सांगत नाही, पत्राची वाट बघत इतका राहिला की डेमरेज खुर्च्यांच्या किमतीच्या वर गेलं, शेवटी त्यांनी माल सोडून दिला. काही देशांत तर माल निघण्याआधीच तपासणीचं सर्टिफिकेट मागतात. इनव्हॉइसवर किंमत शून्य लिहू नका, दान असलं तरी कस्टमसाठी वाजवी किंमत लिहायची आणि विक्रीसाठी नाही असं नोंदवायचं, एचएस कोड (कस्टमचा वस्तूंच्या वर्गवारीचा नंबर) ८७१३, हाताने चालवायच्या आणि मोटरच्या दोन्ही व्हीलचेअरना. लाकडी पेटी वापरली तर हीट ट्रीटमेंटचा शिक्का लागतो, नाहीतर माल परत. आणि सोसायटीचा किंवा ट्रस्टचा पैसा देशाबाहेरच्या कामावर खर्च होणार असेल तर आधी सीएला विचारा, धर्मादाय ट्रस्टला देशाबाहेर खर्च केलेल्या पैशावर आयकराची सवलत सरसकट मिळत नाही, वर्षाच्या शेवटी कोणीतरी चिडतं.

पॅकिंगमध्ये एकच हट्ट धरा. प्रत्येक खुर्चीला नंबर, तोच नंबर तिच्या फूटरेस्टवर, हातावर, कुशनवर, आणि सुट्टे भाग त्याच खुर्चीला बांधलेले, वेगळ्या खोक्यात नाही. समुद्रात दमटपणा असतो, एक्सलला आणि नटबोल्टला ग्रीस, आत सिलिका जेलच्या पुड्या. प्रत्येक खुर्चीबरोबर दोन ट्यूब, एक टायर, पुढच्या चाकाची बेअरिंग, दोन ॲलन की, पंक्चरचं सामान.

खरं तर, आणि हे मी तुमचा विरस करायला म्हणत नाही, आपल्याकडे साधी नवी घडीची खुर्ची पाच ते आठ हजारांत येते. भाडं, पॅकिंग, एजंट, पलीकडचा ट्रक, सगळं धरून एका जुन्या खुर्चीमागे किती पडतंय ते आधी काढा. आकडा त्याच्या आसपास गेला तर तेवढे पैसे मोशीच्या वर्कशॉपला कुशन आणि टायरसाठी दिलेले जास्त उपयोगी पडतील. फोटो चांगला येत नाही एवढाच त्यात तोटा. ५४० च्या ट्यूब इथून होलसेलमध्ये घेऊन पाठवल्या तर ढीगभर ट्यूब एका सूटकेसमध्ये मावतात, मावसभाऊ दिवाळीला येईल तेव्हा घेऊन जाऊ दे, त्याआधी तिकडच्या संस्थेला माप विचारून घ्या आणि कस्टमला दाखवायला त्यांचं पत्र त्याच्या खिशात असू दे.

आत्ता करण्यासारखं इतकंच: रविवारी सकाळी पार्किंगमध्ये टेप, वही आणि एखादा कॉलेजचा मुलगा घेऊन बसा, चाळीसच्या चाळीस मोजा, टायरवरचे आकडे लिहा, ब्रेक लागतो का बघा, घडी उघडून चारही चाकं जमिनीला टेकतात का बघा, फ्रेम वाकलेली असेल तर एक चाक अधांतरी राहतं. यादी मला पाठवा. मी लाल पेनाने बऱ्याच खोडणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.